बदक पडलं तो शनिवार

८ मार्च, रविवार

बारक्या,

तू माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून हा कागद. तुझा पत्ता तुझ्या जुन्या खोलीवरच्या मित्राकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस. आई आजारी आहे असं मी त्याला खोटंच सांगितलं. आई ठणठणीत आहे.

बातमी आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं नसेल तर तुला इथेच पत्र फाडता येईल. आईने नोकरी धरली आहे. सहासष्टाव्या वर्षी. आणि कुठे, तर आपल्या चष्म्याच्या दुकानासमोर जे मोठं काचेचं चष्म्याचं दुकान उघडलं होतं, तिथे. ज्याच्याकडे बघायला नको म्हणून बाबा शटर उघडताना रस्त्याकडे पाठ करून उभे राहायचे, त्याच दुकानात आपली आई सकाळी दहाला काळा टी-शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून उभी असते. काउंटरमागे बसायला खुर्ची नाही. बसलेला माणूस आळशी दिसतो म्हणे. तिथला पंचविशीतला मॅनेजर पहिल्या दिवशी तिला मॅडम म्हणाला आणि दुसऱ्या दिवशीपासून मावशी. ती मला म्हणाली, "त्याला बाह्यगोल आणि अंतर्गोल काचेतला फरक कळत नाही गं, पण स्वभावाने बरा आहे."

बाबा गेल्यावर दुकान विकलं तेव्हा पैशांचे तीन वाटे झाले. माझ्या वाट्यातून मी घराचं कर्ज फेडलं. तुझ्या वाट्याचं तू काय केलंस ते तुझं तुला माहीत. पण आईच्या वाट्याचं काय झालं, ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. रोज संध्याकाळी ती पाय गरम पाण्यात घालून माझ्या स्वयंपाकघरात बसते आणि मला तिच्या घोट्यांवरची सूज दिसते.

तुला ती संध्याकाळ आठवते ना? तू फोनवर आईला त्या नव्या आभासी नाण्याचं चित्र दाखवलंस. पिवळं बदक, डोळ्यांवर चष्मा. आई हसून म्हणाली, "एवढ्या गोल तोंडाला गोल फ्रेम कुणी दिली याला?" तू म्हणालास, "आई, ही गंमतच आहे, पण या गमतीवर लोकांची घरं झालीत." मी विचारलं, यामागे काय आहे? कारखाना, जमीन, काहीतरी? तू म्हणालास, "लोक आहेत." आणि मग माझ्याकडे बघून, आईला ऐकू जाईल असं बोललास, "ताई, हे तुझ्या शेअरांसारखं नाही. व्याज वाढलं, कुणाचा नफा घटला, कशाचाही परिणाम नाही. बाजाराचा आणि बदकाचा काडीचा संबंध नाही. बाजार म्हणजे म्हाताऱ्यांचा कारभार."

अकरा वर्षं मी शेअर दलालाच्या ऑफिसात काढली आहेत. आईने मला एका शब्दाने विचारलं नाही. तिने तुला विचारलं, "किती दिवसांत काढता येतील?" तू म्हणालास, "केव्हाही. रविवारीसुद्धा." आणि तिचा सगळा वाटा बदकात गेला.

मी उठून कप विसळायला गेले. मी विरोध केला होता, असं सगळ्यांना सांगत आले आहे. तो विरोध एवढाच.

उत्तराची अपेक्षा नाही. पत्राच्या शेवटी धाकट्याला आशीर्वाद द्यायचे असतात. माझ्याकडे सध्या शिल्लक नाहीत.

ताई


२२ मार्च, रविवार

बारक्या,

तुझं पाकीट मिळालं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ: "तू बाजारातली ना, मग हे झालं कसं तेवढं सांग." वर नाव नाही, खाली सही नाही. तरी माझ्या नकळत मी ते दोनदा वाचलं.

सांगते. गेल्या नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी व्याजदर कमी होणार, अशी सगळ्यांची खात्री होती. ते झाले नाहीत. दुपारपर्यंत बाजार घसरला, शुक्रवारी त्याहून वाईट. आता तू म्हणशील, तिथे बदक कुठे आलं? थांब जरा.

आमच्याकडे बरेच लोक उधारीवर शेअर घेतात. थोडे स्वतःचे पैसे, बाकीचे आमचे. भाव चढतोय तोवर सगळे खुशीत. भाव एका रेषेखाली गेला की आमचा फोन जातो, "आणखी पैसे भरा, नाहीतर तुमचे शेअर आम्ही विकू." तो फोन करणाऱ्यांच्या टेबलावर मी बसते. शुक्रवारी बाजार बंद झाला आणि साहेबांनी यादी छापून आणली. एरवी एका पानात संपते, त्या दिवशी नऊ पानं होती. मुदत सोमवारी सकाळी नऊची, बाजार उघडायच्या आधीची. शनिवारी सगळ्यांना कामावर बोलावलं.

आता तू त्या माणसाच्या जागी बसून बघ. शनिवारी सकाळी फोन आला, सोमवारी नऊला पैसे हवेत. शेअर विकायला जावं तर बाजार बंद. ठेव मोडायला जावं तर बँकेत "सोमवारी या". घर, गाडी, दागिने एका दिवसात विकायचे म्हणजे लोकांच्या हातापाया पडायचं. शनिवार-रविवार सताड उघडं असतं, दोन मिनिटांत विकता येतं आणि पैसे लगेच हातात पडतात, असं त्याच्याकडे काय असतं?

ज्या गुणाचं तू आईसमोर कौतुक केलंस ना, केव्हाही विकता येतं, रविवारीसुद्धा, त्याच गुणाने बदक मेलं. बदकात वाईट काही घडलं नव्हतं. कुणी फसवून पळालं नाही, कुठे चोरी झाली नाही. लोकांना शेअर वाचवायचे होते आणि हाताशी बदक होतं, म्हणून त्यांनी बदक विकलं. एका वेळी सगळ्यांनी. आणि घेणारे म्हणशील तर शनिवारी दुपारी असतात कितीसे? शंभराचं संध्याकाळपर्यंत साठ झालं. साठ बघून इतर घाबरले. रविवारी सकाळी तीस.

आणि मग तुझ्यासारखे. बदक तारण ठेवून त्याच अ‍ॅपकडून उधार घ्यायचं आणि त्या पैशांचं पुन्हा बदकच घ्यायचं! हे तू आईला सांगितलं नव्हतंस. मलाही तू घर सोडलंस त्या दिवशी कळलं. आमच्याकडे निदान माणूस फोन करतो, दीड दिवस देतो, रडारड ऐकून घेतो. तुझं अ‍ॅप काही ऐकून घेत नाही. तीसवर त्याची रेषा होती, तिथे त्याने तुझी आणि आईची सगळी बदकं आपोआप विकून टाकली. तुझ्यासारख्या हजारोंची. म्हणून तीसचं सात झालं.

मंगळवारी बाजार सावरला. शेअरमागे निदान एखादा कारखाना असतो, कुणीतरी म्हणतं, स्वस्तात मिळतंय, घेऊन ठेवू. बदकामागे लोक होते. ते निघून गेले.

हे एवढंच झालं. त्या शनिवारी मी कामावर होते आणि मी माझं काम केलं.

आईला तुझं पत्र आल्याचं सांगितलेलं नाही.

ताई


१२ एप्रिल, रविवार

बारक्या,

"शुक्रवारी संध्याकाळी मी तुला फोन केला होता. ते तुझ्या पत्रात नाही."

तुझी ही ओळ दोन आठवडे माझ्या पर्समध्ये आहे. उत्तर लिहायला बसले की भांडी आठवतात, इस्त्री आठवते. आज इस्त्रीही झाली.

हो, केला होतास. साडेपाच वाजले होते. नऊ पानांची यादी माझ्या हातात होती आणि मी जिन्यात उभी होते, कारण आत सगळे एकाच वेळी बोलत होते. तू आधी इकडचं तिकडचं बोललास. मग म्हणालास, "ताई, बाजार फारच पडतोय म्हणे. आपल्याला काही काळजी नाही ना? थोडी बदकं काढून ठेवू का?"

तुझा आवाज कसा होता ते मला नीट आठवतं. शाळेत कमी मार्क पडले की बाबांच्या आधी मला येऊन सांगायचास, तसा. आणि मला ठाऊक होतं. अगदी पक्कं नाही, पण अकरा वर्षांत अशा दोन पडझडी मी पाहिल्या होत्या. शनिवारी कोण काय विकणार, हे मी बोटावर मोजून सांगितलं असतं. ऑफिसची यादी बाहेर सांगायची नाही असा नियम आहे, पण मला यादी कुठे सांगायची होती? "काढ" एवढा एक शब्द म्हणायचा होता.

मी म्हणाले, "मला काय विचारतोस? बाजाराचा आणि बदकाचा काडीचा संबंध नाही ना? आम्ही म्हातारी माणसं."

तू हसलास आणि म्हणालास, "बरं ताई, ठेवतो." फोन ठेवतो म्हणालास की बदकं ठेवतो म्हणालास, ते मला आजही माहीत नाही.

मी खुशीत जिना चढले. खोटं लिहीत नाही. फार बरं वाटलं होतं मला. आईने मला न विचारता तुला विचारलं, ते कितीतरी महिने माझ्या घशात अडकलं होतं. मला वाटलं, पडू दे थोडं, विसेक टक्के. तू घाबरशील, आई घाबरेल, मग दोघं माझ्याकडे याल आणि मी शहाण्यासारखं सगळं निस्तरून देईन. इतकं पडेल असं वाटलं नव्हतं. तुझ्या उधारीचं मला कुठे माहीत होतं? पण माहीत असतं तर मी "काढ" म्हणाले असते का, याचं उत्तर मी स्वतःलाच अजून दिलेलं नाही.

आता शनिवारचंही ऐक. लिहायला घेतलंच आहे तर अर्धं कशाला ठेवू?

यादीत एक टाइल्सचे व्यापारी होते. जुने ग्राहक, सगळा कारभार उधारीवर. सकाळी अकराला मी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो ताई, दीड दिवसात एवढे आणू कुठून? गोदामातल्या टाइल्स रस्त्यावर मांडून विकू का?"

मी नेहमीचं वाक्य बोलले, "शनिवार-रविवारी मोडता येईल असं काही आहे का बघा ना."

"आहे एक, पण ते पोराच्या नादाने घेतलेलं. ते बदक. माहितेय का तुम्हाला?"

"माहितेय," मी म्हणाले.

"बरंच आहे ते माझ्याकडे. स्वस्त होतं तेव्हा पोत्याने घेतलं. पण एकदम काढलं तर भाव पडेल, असं पोरगं म्हणतंय. थोडं थोडं काढू का? सोमवारी दुपारपर्यंत?"

बारक्या, मी घड्याळाकडे बघितलं. माझ्या पुढे अजून चाळीस फोन होते. साहेब मागे उभे होते आणि प्रत्येक टेबलावर किती वसुली झाली ते फळ्यावर लिहीत होते. मी म्हणाले, "सोमवारी दुपारी नाही चालणार. नऊ म्हणजे नऊ. आत्ताच काढा, उद्या यापेक्षा कमी मिळतील."

त्यांनी काढलं. मी फोनवरच होते, ते मोठ्याने आकडे वाचत होते, नव्वद, शहाऐंशी, एकोणऐंशी. एका माणसाने पोतं रिकामं केलं आणि ते मी कानाने ऐकलं. त्यांचा पहिला फोन नव्हता, शेवटचाही नव्हता. त्या दिवशी माझ्याच टेबलावरून अकरा जणांनी बदक विकलं. आमच्यासारखी ऑफिसं किती असतील, ते तूच मोज.

त्यांचे शेअर वाचले. बुधवारी त्यांनी माणूस पाठवून माझ्यासाठी पेनांचा डबा पाठवला, "तुमच्यामुळे तरलो" म्हणून. हे पत्र त्यातल्याच पेनाने लिहिते आहे. साहेबांनी महिनाअखेर सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि पगार वाढवला. तो मी घेतला. त्यातूनच आईच्या पायाची औषधं येतात.

आता तुझं सगळं समाधान झालं असेल. मला शिव्या द्यायच्या असतील तर एका ओळीत भागवू नकोस. नीट पानभर लिही.

ताई


३ मे, रविवार

बारक्या,

तुझं पानभर पत्र आलं. मी वाचायच्या आधी आईने वाचलं.

पाकीट शनिवारी आलं. मी ऑफिसात होते, तिची सुट्टी होती. तुझं अक्षर तिने ओळखलं आणि मुलाचं पत्र म्हणून फोडलं. मी घरी आले तर ती टेबलाशी बसली होती, चष्मा डोळ्यांवर, समोर तुझी तिन्ही पत्रं मांडलेली. आधीची दोन मी नंतर कपाटात ठेवली होती, ती तिने शोधून काढली असणार.

माझं तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, "तुला शुक्रवारी माहीत होतं?"

"होतं," मी म्हणाले.

"आणि त्याने उधारी काढली होती? माझ्या पैशांवर?"

"हो."

तिने तुझं पत्र घडी करून पाकिटात घातलं. मला वाटलं आता रडेल. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर तिने खांदा काढून घेतला.

"त्याने तुला तीन पत्रं लिहिली," ती म्हणाली. "तू त्याला तीन लिहिलीस. कोणाचं चुकलं, कोण जास्त शहाणं, कोणी कोणाला काय टोमणा मारला. पैसे माझे होते ना? पस्तीस वर्षं त्या काउंटरला मी उभी राहिले होते. मला एक पत्र नाही? एकाही माणसाला वाटलं नाही, आईला सांगावं?"

मी म्हणाले, "तुला त्रास होईल म्हणून..."

"मी दिवसाला आठ तास उभी असते," ती म्हणाली. "मला त्रासाचं काय सांगतेस?"

मग तिने बॅग भरली. घाई केली नाही. साड्या एकावर एक, औषधं एका पिशवीत, बाबांचा फोटो मध्ये कपड्यांत गुंडाळून. तिच्याबरोबर दुकानात एक बाई आहेत, काचा घासायच्या मशीनवर बसतात, एकट्याच राहतात. त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे म्हणे. हे तिचं आधीपासून ठरत होतं की त्या संध्याकाळीच ठरलं, मला कळलं नाही. मी खूप बोलले. लोक काय म्हणतील तेही म्हणून झालं, इतकी खाली आले. शेवटी विचारलं, "मग त्याच्याकडे जातेस का?"

"तुमच्या दोघांच्या भांडणात माझं दुकान गेलं," ती म्हणाली. "आता मी कोणाच्याच वाट्याला येत नाही."

रिक्षा तिने स्वतः थांबवली. बॅग मला उचलू दिली नाही.

तू पत्रात लिहिलं आहेस की तुझ्याइतकीच मीही दोषी आहे. हे वाचून मला राग यायला हवा होता. पण त्या वेळी घरात इतकी शांतता होती की कोणीतरी कशाततरी माझ्याइतकं आहे, एवढंच बरं वाटलं.

तिला लिही. मला नको, तिला. दुकानाच्या पत्त्यावर.

ताई


२४ जून, बुधवार

बारक्या,

तू तिला लिहिलंस हे मला तुझ्या पत्रातून कळलं. ती मला सांगत नाही, कारण ती माझ्याशी बोलतच नाही. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत नव्हती. तू विचारतोस, ती कशी आहे, उत्तर का देत नाही. मला जे दिसलं ते लिहिते.

नोकरी मी सोडलेली नाही. सोडेन असं वाटलं होतं, पण सोमवार आला की पाय आपोआप तिकडे वळतात. पडद्यावरचे आकडे मात्र हल्ली धूसर दिसतात. डोळे तपासायचेच होते. शहरात चष्म्याची दुकानं काय कमी आहेत? पण मी तिच्याच दुकानात गेले. जाणूनबुजून गेले, उगाच आडपडदा कशाला?

ती काउंटरवरच होती. टी-शर्ट तिला थोडा मोठा होतो, बाह्या दुमडल्या होत्या. मला बघून तिचा चेहरा हलला नाही. "या," म्हणाली. "बसा."

बारक्या, तिने मला अहो-जाहो केलं.

मला वाटलं मॅनेजर बघतोय म्हणून असेल. पण तो आत जेवत होता. तिने मला खुर्चीत बसवलं, नाकाच्या मध्यापासून पट्टी धरून दोन्ही बाहुल्यांचं अंतर मोजलं. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर लांब होता. मी हळूच म्हणाले, "आई." ती म्हणाली, "हलू नका, माप चुकेल."

मग डॉक्टरांनी नंबर काढला. तिने फ्रेम दाखवल्या, किंमत सांगितली, चार दिवसांनी यायला सांगितलं. पावतीवर माझं नाव विचारून लिहिलं. विचारून!

मी तिच्याशी तुझ्याबद्दल बोलले. म्हणाले, तो उत्तराची वाट बघतोय. तिने पावती फाडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पैसे तिकडे भरा."

परवा चष्मा घ्यायला गेले. त्याच खुर्चीत बसले. तिने दोन्ही हातांनी चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला आणि कानामागून बोटं फिरवली. कित्येक महिन्यांत तिचा हात लागला नव्हता. आपल्या दुकानात असताना आई कुणाला दुखऱ्या चष्म्यानिशी उठू द्यायची नाही, तुला ठाऊक आहे. दांडी गरम करून, वाकवून, पुन्हा घालून बघायची, गिऱ्हाईक कंटाळलं तरी सोडायची नाही. बाबा वैतागायचे.

"कानामागे दुखतंय का?" तिने विचारलं.

मला वाटलं, हो म्हणावं, म्हणजे ती पुन्हा हात लावेल.

"हो," मी म्हणाले. "दुखतंय."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मी खोटं बोलतेय हे तिला कळलं की खरंच दुखतंय असं वाटलं, मला सांगता येणार नाही.

"सवय होईल," ती म्हणाली आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला खुर्ची दाखवली.

ताई